विश्लेषण : शपथ लाखोंनी घेतली, व्यसन किती जणांचे टळले?

२६ जून जवळ आला की शाळांत अमली पदार्थविरोधी दिनाची लगबग सुरू होते. प्रभातफेरी, घोषणा, पोलीस अधिकाऱ्यांचे व्याख्यान, सामूहिक शपथ आणि शेवटी छायाचित्र. वर जाणाऱ्या अहवालात किती शाळा, किती विद्यार्थी याचे आकडे असतात. त्यांपैकी किती मुलांनी पुढच्या दोन वर्षांत गुटख्याची पुडी हातात घेतली नाही, हा रकाना मात्र सहसा नसतो. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘नशामुक्त भारत अभियाना’चे यशही मुख्यतः किती कोटी लोकांपर्यंत पोहोचलो, याच भाषेत सांगितले जाते. पण पोहोचणे आणि परिणाम होणे यांत फरक आहे आणि हा फरक न तपासल्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे.

‘डेअर’चे काय झाले?

लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली पोलीस आणि शाळांनी मिळून ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातील पोलीस वर्गात येऊन ‘नाही म्हणायला’ शिकवत. पालक खूश, शिक्षक खूश, पोलिसांची प्रतिमाही उजळली. बघता बघता तो अमेरिकेतील बहुसंख्य शालेय जिल्ह्यांत पोहोचला. १९९४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मुलांची माहिती वाढते, पण प्रत्यक्ष सेवनावर परिणाम जेमतेम होतो, असे दिसले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा वर्षांनंतर ‘डेअर’ शिकलेली आणि न शिकलेली मुले यांच्यात फरकच आढळला नाही. पुढे अभ्यासक्रम बदलण्यात आला.

हेतू चांगला असेल तर निदान नुकसान तरी होणार नाही ना?

इथेच खरी गोम आहे. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ मध्ये ५०६ मुलगे निवडण्यात आले. सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला मदत मिळाली. समुपदेशकाच्या घरभेटी, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे. आजच्या कोणत्याही संस्थेला हेवा वाटावा असे काम १९४५ पर्यंत चालले. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ही मुले, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी ‘आम्हाला फायदा झाला’ असे सांगितले. नोंदी मात्र उलटे सांगत होत्या. एकाहून अधिक गुन्हे, दारूच्या व्यसनाची लक्षणे आणि लवकर मृत्यू यांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटातच अधिक होते. नंतरच्या विश्लेषणात असे दिसले, की एकापेक्षा अधिक वेळा शिबिराला गेलेल्या मुलांचे नुकसान सर्वाधिक झाले. वाट चुकण्याच्या वयातील मुले एकत्र आली आणि एकमेकांकडून शिकली, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. दुसरा गट नसता तर हाच उपक्रम आजही आदर्श म्हणून सांगितला गेला असता.

किशोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून धाक दाखवणाऱ्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’चीही तीच गत. १९७८ च्या माहितीपटामुळे तो गाजला, पण चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात अशा भेटींनंतर गुन्हे कमी नव्हे, वाढतात असे आढळले.

तुलनेचा गट एवढा महत्त्वाचा का?

कारण वय थांबत नाही. सहावीतला मुलगा आठवीत गेला की तंबाखूचे कुतूहल आपोआप वाढते. दिल्ली आणि चेन्नईतील ३२ शाळांत २००४ ते २००६ दरम्यान झालेल्या ‘मायत्री’ प्रकल्पात तुलनेच्या शाळांमधील तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढले, तर कार्यक्रम राबवलेल्या शाळांत ते १७ टक्क्यांनी घटले. समजा, तिथेही ते थोडे वाढले असते, तरी कार्यक्रम यशस्वी ठरू शकला असता. पण हे कळायला दुसऱ्या शाळा मोजाव्या लागतात.

आइसलँडचे उदाहरण या कसोटीवर थोडे सैल पडते. तिथे महिन्याभरात एकदा तरी झिंगलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. आकडा थक्क करणारा आहे. मात्र त्याच काळात रात्री बाहेर राहण्यावर निर्बंध, पालकांचा सहभाग, खेळांसाठी अनुदान असे बरेच काही एकदमच झाले. त्यातले नेमके काय लागू पडले, हे सांगणे अवघड.

कार्यक्रम तोच, माणूस वेगळा

भारतातील सर्वांत बोलका पुरावा बिहारमधून येतो. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत ‘सेहर’ हा कार्यक्रम तपासला. कोणत्या शाळेला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक, काहींत तोच कार्यक्रम शिक्षकांकडे, उरलेल्या तुलनेसाठी. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्यासारखे काही नाही. समुपदेशक पूर्णवेळ याच कामाला होता, शिक्षकाला मात्र वर्ग सांभाळून ते करायचे होते. आपल्याकडे निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंत सारे शिक्षकांच्याच गळ्यात पडते, हे लक्षात घेतले तर या निकालाचे नवल वाटू नये.

असे मूल्यमापन आपल्याला परवडेल का?

वाटते तितके ते महाग नाही. कोणताही उपक्रम जिल्ह्यातील सर्व शाळांत एकाच वर्षी सुरू होत नाही. पहिल्या वर्षी कोणत्या शाळा घ्यायच्या, हे ओळखीपाळखीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. दोन्हीकडच्या मुलांकडून सुरुवातीला आणि वर्षअखेरीस निनावी प्रश्नावली भरून घ्यावी. तेवढा वेळ शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबावे, नाहीतर खरे उत्तर कोण लिहील? आणि मोजणी कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थेकडे न देता जवळच्या विद्यापीठाकडे द्यावी. उरलेल्या शाळांना दुसऱ्या वर्षी कार्यक्रम मिळेलच, अर्थात पहिल्या वर्षी तो उपयोगी ठरला तर.