कांदेपोह्यांना हिंदी मध्यस्थ कशाला?

वाराणसीतल्या आमच्या घरी तेलुगू प्रेमपट आवडीने पाहिले जातात, आणि ते सगळे हिंदीत डब केलेले असतात. आम्ही दुर्गाघाटाकडची मराठी माणसे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की हिंदीतच जगतो. तेव्हा पुढचे वाचून कुणी मला हिंदीद्वेष्टा ठरवू नये. माझा राग मराठी प्रेक्षकावर आहे. शेजाऱ्याचे बोलणे तिसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात त्याला काही वावगे वाटेनासे झाले आहे.

तरुण भास्कर यांचा २०१६चा ‘पेळ्ळि चूपुलु’ घ्या. नावाचा अर्थ मुलगी बघण्याचा कार्यक्रम, म्हणजे आपले कांदेपोहे. मुलाकडची मंडळी चुकून भलत्याच घरी जातात. दार अडकून मुलगा आणि मुलगी एका खोलीत कोंडली जातात आणि वेळ घालवायला एकमेकांना आपापली कर्मकहाणी सांगतात. रखडत इंजिनिअर झालेल्या त्याला स्वयंपाकात रस; तिला लग्नाची घाई नाही. पुढे दोघे मिळून फूड ट्रक चालवतात. यातले मराठी माणसाला काय समजावून सांगावे लागेल?

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा आणि संवादांचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवादांचा, हे लक्षात ठेवा. नायकाच्या मित्राची तेलंगणी बोली काढून घेतली तर त्यातले बरेचसे हसू निघून जाते. २०१८मध्ये ‘मित्रों’ हा हिंदी रिमेक आला आणि गोष्ट गुजरातेत गेली. रिमेकला तेवढी मोकळीक असतेच. डबिंगचे तसे नाही. तिथे माणसे हैदराबादेतच राहतात, पण बोलतात ती हिंदी कुठल्याच गावची नसते.

मराठवाडा आणि तेलंगणा १९५६पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. सोलापुरात तेलुगू विणकरांच्या कितीतरी पिढ्या मराठीत वाढल्या. देगलूर आणि सिरोंचाच्या बाजारांत दोन्ही भाषा कानावर पडतात. इतक्या जवळच्या माणसांचा विनोद आपल्याला हिंदीच्या हातून का घ्यावा लागतो?

इथे काशीत केदारघाटाकडे तेलुगू यात्रेकरू नेहमी दिसतात. त्यांच्या भाषेत मधिर सुब्बन्न दीक्षितुलू यांच्या ‘काशी मजिली कथलु’ आहेत : काशीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला सांगितलेल्या गोष्टी. मजिली म्हणजे आपली मजल. २०१९च्या ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटाचा मराठी रिमेक २०२२मध्ये ‘वेड’ नावाने आला आणि भरपूर चालला. नावातली मजल मात्र वाटेतच राहिली. रिमेक चालतो, पण मूळ चित्रपट बघायची सवय तो लावत नाही.

‘सगळ्यांना हिंदी कळते, मग मराठी सबटायटल्सचा खटाटोप कशाला?’ असे मला घरातच ऐकवले जाते. याच काशीत एका मराठी कुटुंबात जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी सखाराम गणेश देऊस्करांचे ‘देशेर कथा’ हे बंगाली पुस्तक हिंदीत आणले. असे आणत राहूनच हिंदी समृद्ध झाली. ते करणारा माणूस मराठी घरातला होता. मग मराठीसाठी तेच करायला आपल्याला संकोच कसला? जी भाषा शेजारणीकडून थेट काही घेतच नाही, तिच्यात नवे शब्द येतील कुठून? प्रेमात पडलेल्या माणसांचे रुसवे, टोमणे आणि थट्टा लिहायला तिच्याजवळ जुनीच भांडी उरतात.

मागणी छोटी आहे. मूळ तेलुगू आवाज राहू द्या आणि खाली मराठी सबटायटल्स द्या. एका चित्रपटाला दोन्ही भाषा जाणणारा एक चांगला अनुवादक पुरेल, आणि अशी माणसे सोलापुरात आहेत, हैदराबादेतही आहेत. त्यांना मानधन द्या, पडद्यावर त्यांचे नाव द्या. ओटीटी कंपन्या हे आपण होऊन करणार नाहीत. प्रेक्षकांनी मागितले तरच करतील. आणि मराठी प्रेक्षकांनी अजून धड मागितलेलेच नाही.