डाग दिसतो, तेव्हाच बाळ तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या बालकांचे वेळेवर निदान व उपचार

महोदय,

त्वचा आणि मेंदू या दोन्हींवर परिणाम करणारा हा जनुकीय आजार सुमारे ६,००० जन्मांमागे एका बाळाला होतो. साधारण दोन तृतीयांश मुलांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो, त्यामुळे शंकाही येत नाही. बहुतेक बाळांच्या अंगावर पहिल्या काही महिन्यांतच पांढरट डाग दिसतात. घरचे कोडाच्या धास्तीने ते झाकतात किंवा ‘कॅल्शियम कमी असेल’ म्हणून सोडून देतात. पुढे चौथ्या ते सातव्या महिन्याच्या सुमारास बाळ झोपेतून उठताना लागोपाठ दचकू लागते. पोट दुखत असेल, असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ती आकडी असते. ती लांबली की बाळाचे हसणे, नजर देणे, पालथे पडणे मागे पडते. या आजारात जवळपास निम्म्या मुलांना बौद्धिक अक्षमता येते, पुष्कळांना स्वमग्नताही. मात्र बाकीच्यांची बुद्धी शाबूत राहते.

डाग दिसणे आणि आकडी येणे यांच्यामध्ये अनेकदा काही आठवडे, महिने हाती असतात. पहिल्या तीन मागण्या त्या काळासाठी आहेत. शेवटच्या दोन, तो काळ हातचा गेलेल्या मुलांसाठी.

१. प्रसूतिगृहात व लसीकरणाच्या वेळी बाळाचे सर्व अंग पाहावे. ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे तीन डाग आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे.

२. आशाताई तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यांदरम्यान घरी येतातच. त्यांना या आकडीची चित्रफीत दाखवून प्रशिक्षण द्यावे. आईने मोबाइलवर टिपलेले दचकणे डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहावे.

३. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लहान बाळांच्या ईईजीची (मेंदूच्या विद्युत आलेखाची) सोय आणि या आकडीवरील व्हिगाबॅट्रिन या औषधाचा अखंड साठा असावा. या औषधाने दृष्टीचा परिघ कमी होऊ शकतो. म्हणून डोळ्यांची तपासणीही तिथेच व्हावी.

४. जनुकीय अहवालाची वाट न पाहता वाचा व व्यवसायोपचार सुरू करावेत. शिकणे, वागणे, झोप यांची तपासणी दरवर्षी व्हावी. अडचणी वयानुसार बदलतात.

५. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत आजाराचे नाव नाही, म्हणून मुलाला परत पाठवू नये. बौद्धिक अक्षमता वा स्वमग्नता तपासून प्रमाणपत्र द्यावे. दिव्यांगांसाठीच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची वाट त्यातूनच जाते.

यासाठी नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि विकासातील विलंब त्याच्या कक्षेतच येतो. त्या कार्यक्रमातील तपासणीत बाळाचे झबले वर करून पाहण्याची सक्ती तेवढी हवी. चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सदस्य पालक