जुनं व्हीएम हलवल्यावर निळी स्क्रीन आली? लगेच फॉरमॅट मारू नका



नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमची लायसन्स विकणं बंद केलं. तेव्हापासून ईएसएक्सआयवरचं जुनं विंडोज ७ प्रॉक्समॉक्सवर न्यायचं काम माझ्याकडेही सारखं येतं. बहुतेक वेळा आत असतं ते बिलिंग सॉफ्टवेअर आणि सात-आठ वर्षांचे हिशोब.

डिस्क इम्पोर्ट होते, मशीन चालू करतो आणि निळी स्क्रीन. एररच्या शेवटी ७बी. इथे काही टेक्निशियन सरळ सांगतात, "विंडोज उडालं, नवीन टाकावं लागेल." मला हे अजिबात पटत नाही. ७बी म्हणजे विंडोजला स्वतःची बूट डिस्क सापडत नाहीये. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. कंट्रोलर बदलला आणि नव्याचा ड्रायव्हर आत नाही, एवढीच गोष्ट.

घाई करून थेट व्हर्टआयओ लावला की हेच होतं. आधी डिस्क आयडीईवर लावा. स्लो आहे, पण जुनं विंडोज त्याला ओळखतं. बूट झालं की एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, ड्रायव्हर टाका, मशीन बंद करा आणि मगच मुख्य डिस्क तिकडे न्या. बूट ऑर्डर बघायला विसरू नका. विंडोज ७ ला ड्रायव्हरची जुनी आयएसओ लागते, नवीनमध्ये मिळत नाही. आणि खरं सांगू का, दोन जणांच्या बिलिंगला आयडीईसुद्धा पुरतं! स्पीडच्या मागे लागून चालू मशीन कशाला बिघडवायचं?

ईएसएक्सआयवर असतानाच स्नॅपशॉट मिटवा, व्हीएमवेअर टूल्स काढा. नंतर ते नीट निघत नाहीत. जुनं मशीन बायॉसवर असेल तर नवीनही बायॉसवरच ठेवा. मॅक अ‍ॅड्रेस लिहून घ्या, काही सॉफ्टवेअरचं लायसन्स त्यालाच बांधलेलं असतं.

"हा आयपी दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे" असं आलं, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं जुनं लपलेलं नेटवर्क कार्ड काढा.

जुनं मशीन बंद ठेवा, पण डिलीट करू नका. दोन्ही एकदम चालू राहिली तर अर्धी बिलं इकडे, अर्धी तिकडे. मग ती जुळवत बसा! मालकाने नव्या मशीनवरून बिल छापलं, बॅकअप दुसरीकडे उघडून पाहिला आणि एक जीएसटी रिटर्न भरून झालं, की मगच मी जुन्या डिस्कला हात लावतो.