एमआरआयच्या आधी टोचतात ते काय?

‘कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करा,’ अशी चिठ्ठी हाती पडली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, हे कॉन्ट्रास्ट काय आहे? ‘रंगाचं इंजेक्शन’ असं बऱ्याचदा सांगितलं जातं. पण त्यात रंग नसतो.

शरीरात भरपूर पाणी असतं आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. एमआरआयचं शक्तिमान चुंबक या अणूंच्या केंद्रकांना शिस्त लावतं, रेडिओलहरी ती क्षणभर मोडतात आणि पूर्ववत होताना मिळणाऱ्या संदेशांतून संगणक चित्र उभं करतो. यात क्ष-किरण नसतात. मात्र काही वेळा गाठ आणि शेजारचा निरोगी भाग एकाच छटेचे दिसतात. अशा वेळी शिरेतून सोडलेला पदार्थ आसपासच्या पाण्याची वागणूक बदलतो आणि दोहोंतला फरक स्पष्ट होतो.

यासाठी १९८८ पासून गॅडोलिनियम हा धातू वापरात आहे. सुटा असताना तो विषारी, म्हणून दुसऱ्या रेणूत जखडून देतात. तो साचतो ती जागा उजळ दिसते. पुढे मूत्रपिंडं त्याला बाहेर टाकतात. पण मूत्रपिंडंच थकलेली असतील तर? अशा काही रुग्णांची त्वचा लाकडासारखी कडक होत होती. त्याचं नातं या इंजेक्शनशी आहे, हे २००६ साली युरोपातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. आज धातूला अधिक घट्ट धरणारी औषधं आहेत आणि हा धोका फारच कमी झाला आहे.

दुसरा मार्ग आहे लोहाचा. लोहाचं ऑक्साइड, म्हणजे गंजाचं भावंडच. त्याच्या अतिसूक्ष्म कणांवर साखरेच्या जातीच्या पदार्थाचं वेष्टण चढवतात. मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण फार तर शे-दीडशे नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत शेकडो एका रांगेत मावतील.

यकृतासाठी असं एक औषध अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालं. त्यातली युक्ती मोठी मजेदार. यकृतात कुफर नावाच्या सफाई कामगार पेशी असतात. रक्तातला कचरा समजून त्या हे कण गिळतात आणि निरोगी यकृत चित्रात काळं पडतं. कर्करोगाच्या गाठीत सहसा या पेशी नसतात. त्यामुळे गाठ उजळच राहते आणि काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. जिथं झाडूवाला नाही, तीच जागा संशयाची!

हीच युक्ती लसिकाग्रंथींतही चालते. प्रोस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कर्करोग शिरलेल्या ग्रंथींपैकी साध्या एमआरआयनं सुमारे ३५ टक्के ओळखल्या, तर लोहकण दिल्यावर ९० टक्के. रोग पसरला आहे की नाही, यावर शस्त्रक्रियेचा निर्णय ठरतो. म्हणून हा फरक लहान नाही.

यकृताचं ते औषध पुढे बाजारातून गेलं. मात्र त्याच जातीचं फेरुमॉक्सिटॉल २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर दिलं जातं. शरीर यातलं लोह रक्त बनवायला वापरतं. त्यामुळे मूत्रपिंडं कमजोर असताना काही डॉक्टर एमआरआयसाठीही त्याचा आधार घेतात. पण ते निर्धोक नाही. क्वचित तीव्र, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होते, असा कडक इशारा २०१५ मध्ये अमेरिकेत त्यावर छापला गेला.

मग आपण काय करायचं? इंजेक्शनला घाबरून तपासणी टाळायची नाही. मात्र मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल, पूर्वी इंजेक्शनची अ‍ॅलर्जी झाली असेल, दिवस गेले असतील, तर आधीच सांगा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. गेल्या तीन महिन्यांत लोहाचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्याचं नाव आणि तारीखही सांगा. फेरुमॉक्सिटॉलचे कण तेवढा काळ चित्रावर परिणाम करू शकतात. न सांगितलेलं लोह डॉक्टरांची दिशाभूल करू शकतं.