दोरीचेच तर पैसे!

एखादं काम ‘टेक्निकल’ की ‘टाइमपास’, हे ठरवायचा आपला नियम फार सोपा आहे. लोखंडात केलं तर टेक्निकल, दोऱ्यात केलं तर टाइमपास! फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लोखंडी पट्टी घासघासून फिटिंगचा जॉब केला. त्याचं जर्नल झालं, मार्क मिळाले. तो जॉब पुढे कोणाच्याही उपयोगी पडला नाही, पण त्याला कोणी टाइमपास म्हटलं नाही.

मी सध्या भिंगारमध्ये आमच्या शेजारच्या काकूंकडे मॅक्रमे शिकतेय. यावर वर्गातली प्रतिक्रिया, “काय गं, लग्नाची तयारी का?” आणि नातेवाइकांची, “बरं झालं, मुलीच्या हातात काहीतरी कला हवीच.” मला दोघांचाही सारखाच राग येतो. एक हसतोय, दुसरा कौतुक करतोय. पण हे एक तंत्र आहे हे दोघांच्याही गावी नाही.

मॅक्रमे म्हणजे सुई नाही, हूक नाही, नुसत्या हातांनी दोऱ्यांना गाठी मारत जायचं. याचा उगम अरबी विणकरांकडे सांगतात. कापड विणून झालं की टोकाला ज्या दशा सुटतात, त्या उसवू नयेत म्हणून गाठी मारायच्या, आणि मारायच्याच तर जरा नक्षीदार. पुढे जहाजावरच्या खलाशांनी रिकाम्या वेळात हेच केलं. (खलाशांना लग्नाची तयारी का असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.) नगर-भिंगारलाही एके काळी हातमाग होते, दशा आपल्याला नवीन नाहीत. आणि पोळ्याच्या आधी बैलांच्या गोंड्यांसाठी सूत घेऊन बसणारे पुरुषच असतात की!

मी शिकतेय त्या प्रकाराचं नाव कॅवंडोली. व्हॅलेंटिना कॅवंडोली या इटालियन बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुरीनमध्ये आपल्या संस्थेतल्या मुलांना तो शिकवला, म्हणून हे नाव. काकूंना हे नाव माहीत नाही. त्या ‘आडवी-उभी’ म्हणतात आणि मला तेच जास्त बरोबर वाटतं. समजा, चाळीस निळ्या दोऱ्या उभ्या टांगल्यात आणि एकच पांढरी दोरी त्यांच्यातून डावी-उजवी फिरतेय. निळीने पांढरीभोवती दोन वेढे घेतले तर ती आडवी गाठ, दिसते निळी. पांढरीने निळीभोवती घेतले तर उभी गाठ, दिसते पांढरी. बस्स, एवढंच! नक्षी ग्राफपेपरवर काढायची, एक घर म्हणजे एक गाठ. निळं की पांढरं, शून्य की एक. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नीडलवर्कच्या तासाला क्रॉस-स्टिच असायचं, त्यातही ग्राफ होता. पण तिथे रंग बदलायला दोरा बदलावा लागतो. इथे त्याच दोन दोऱ्या, फक्त भूमिका बदलते.

आणि ती भूमिका ठरवतो ताण. जी दोरी ताठ धराल ती आत जाते, जी सैल ती वेढा घेते. काकू पांढरी दोरी करंगळीत अडकवून ताणून धरतात. तो ताण किती, हे आकृती बघून कळत नाही, व्हिडिओ बघूनही नाही. त्यांनी माझं बोट धरून ओढून दाखवलं तेव्हा कळलं. “अगं, निरगाठ नको मारू, नुसती बसू दे तिला,” हे त्यांचं एकमेव थिअरी लेक्चर.

कोणी म्हणेल, शून्य आणि एक वगैरे उगाच ओढूनताणून आणलंय. मग हे ऐका. 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा अपोलोच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता. तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. हे काम अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका हाताने करायच्या. इंजिनिअर्सची नावं पुस्तकांत आली. ओवणाऱ्यांची किती आली?

आता पैशांचं. काकूंकडे सध्या मोराच्या पट्टीची ऑर्डर आहे. रुंदी 40 गाठी, उंची 60 ओळी, म्हणजे 2400 गाठी. मी मोबाइलवर वेळ लावून पाहिली. काकूंना एका गाठीला सरासरी 10 सेकंद लागतात, म्हणजे झाले 6 तास 40 मिनिटं. यात मान अवघडली म्हणून घेतलेला चहा धरलेला नाही. ग्राफ काढायचे, दोऱ्या मापून कापायचे तास वेगळेच. आणि गिऱ्हाईक भाव करताना म्हणतं, “अहो, दोरीचेच तर पैसे!” आपण उद्या एखाद्या कंपनीला सॉफ्टवेअरचं कोटेशन देऊ, तेव्हा पेनड्राइव्हची किंमत लावणार आहोत का?

आमच्या गॅदरिंगला ‘हस्तकला’ म्हणून एक कोपरा असतो, तिथे काकूंना बोलवा असं मी म्हणत नाहीये. त्यांना वर्कशॉपमध्ये बोलवा, एका प्रॅक्टिकलला, मुलांच्या बॅचलाही. आणि बाहेरच्या तज्ज्ञाला देतो तेवढं मानधन द्या.

तोपर्यंत मी त्यांच्यासाठी एक कॉस्टिंग शीट केलीय. दोरीचा रकाना होताच, आता तासांचाही आखला. तिथे दर काय लिहायचा यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. त्या म्हणतात तासाला तीस, मी म्हणते शंभर.