विश्लेषण : १०० अधिक २०० बरोबर ४४? ‘नम्पाय २.०’मुळे जुन्या कोडची धांदल का उडाली?

पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपासून संशोधन संस्थांपर्यंत अनेकांची आकडेमोड ‘नम्पाय’ या लायब्ररीवर चालते. १६ जून २०२४ रोजी तिची २.० ही आवृत्ती आली आणि अनेकांचे कालपर्यंत नीट चालणारे प्रोग्राम अडकले. स्वतःच्या कोडमधील एक ओळही न बदलता असे का झाले?

लायब्ररी बदलली की प्रोग्राम का अडतो?

लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहिलेला, आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड. नवी आवृत्ती आल्यावरही जुना कोड चालत राहिला, तर त्याला ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ म्हणतात. पांडास, सायपाय, सायकिट-लर्न या लायब्रऱ्या नम्पायवरच उभ्या आहेत. त्यामुळे पाया हलला की वरचे मजलेही हलतात. नम्पायची १.० आवृत्ती २००६ मधली. त्यानंतर एवढा मोठा बदल १८ वर्षांनी झाला.

नेमके काय बदलले?

मुख्य यादीतील सुमारे १०० नावे काढली, हलवली किंवा बाद ठरवली गेली. जुन्या नम्पायवर बांधलेली, सी भाषेतील भाग असलेली पॅकेजेस नव्या आवृत्तीवर चालेनाशी झाली. हे दोन्ही बदल त्रासदायक असले तरी प्रोग्राम लगेच थांबतो, त्यामुळे चूक कळते.

मग खरा धोका कुठे?

तिसऱ्या बदलात. ८ बिटांच्या चिन्हरहित संख्येत ० ते २५५ एवढेच मावते. अशा १०० मध्ये साधे २०० मिळवले, तर जुनी नम्पाय मोठा प्रकार निवडून ३०० उत्तर देई. नवी प्रकार बदलत नाही. ३०० मधून २५६ वजा होऊन ४४ उरतात. इशारा दिसतो, पण प्रोग्राम थांबत नाही. हा बदल मनमानी नाही. पूर्वी उत्तराचा प्रकार संख्येच्या किमतीवरही ठरे, आता तो फक्त प्रकारांवरून ठरतो. नियम सोपा झाला, पण जुन्या नियमावर विसंबलेल्यांचे उत्तर बदलले.

पायथन ३ ने काय शिकवले?

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये ३ भागिले २ चे उत्तर १ ऐवजी १.५ झाले. असे बदल पचवायला जगाला वेळ लागला. पायथन २ ला २०१५ मध्ये निरोप द्यायचे ठरले होते, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबला. नम्पायने हा धडा लक्षात ठेवून पूल बांधला : २.० वर बांधलेले पॅकेज जुन्या १.x आवृत्तीवरही चालू शकते.

जुना कोड असलेल्यांनी काय करावे?

आधी प्रोजेक्टच्या फाइलमध्ये ‘नम्पाय २ पेक्षा कमी’ अशी अट घालून चालू काम सुरक्षित करा. मग वेगळ्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये नवी आवृत्ती टाका. ‘रफ’ हे टूल बदललेली नावे शोधून देते, अनेक ठिकाणी दुरुस्तही करते. शेवटी तोच डेटा दोन्ही आवृत्त्यांना देऊन उत्तरे ताडून पाहा. ही पायरी टाळू नका. प्रोग्राम चालला म्हणजे उत्तर बरोबर आले, असे होत नाही.