आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर चालतं, कल्याणपर्यंत चालत नाही



पर्युषणात आमच्या इमारतीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीने अठ्ठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. मग बँड, वरघोडा, साऱ्या संघाची अनुमोदना. मीही शाता विचारून आले. याच मुलीला जूनमध्ये सायन्स घ्यायचं होतं. क्लास कल्याणला. घरात एकमताने ठरलं, नको. गर्दी, यायला रात्र होते, लोक काय म्हणतील. आता ती जवळच्या कॉलेजात कॉमर्सला जाते.

कॉमर्स वाईट नाही, मी स्वतः बी.कॉम. आहे. पण आठ दिवस भुकेवर ताबा ठेवणारी मुलगी शेअर रिक्षात स्वतःला सांभाळणार नाही, हे कुठलं गणित?

आपल्या गावात जाण्यायेण्याचे हाल आहेत, मान्य. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, गाड्या मोजक्या. रस्त्यावर गोदामांचे ट्रक. पण त्याच रस्त्याने भाऊ जातोच ना? चार मुलींची मिळून व्हॅन लावता येते. वरघोड्याला वर्गणी जमते, व्हॅनला का नाही?

माझंच सांगते. लग्नानंतर घरच्या फर्ममध्ये भागीदार म्हणून माझं नाव लागलं. इतकी वर्षं सह्या करतेय. ताळेबंद मला वाचता येतो, पण समोर यायचं ते शेवटचं पान, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. बाकीची पानं कुणी दाखवली नाहीत आणि मीही मागितली नाहीत. हिशेब मी कॉलेजात शिकले. न मागणं माहेरी शिकले, तेरा ते अठरा या वयात, कुणी न रागावता, लाडाने. म्हणून शाळा कितीही चांगली असो, संध्याकाळी मुलगी ज्या घरात परत येते तिथला धडा जास्त पक्का बसतो.

ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक. पाठशाळेत आपण हे पाठ करून घेतो. दिवाळीला चोपडापूजन असतं तेव्हा मात्र सुंदरी रांगोळी काढते आणि चोपडा भाऊ उघडतो. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, आणि हा हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. किती मुलींना हे घरात कळलं? बायोडेटात 'बी.कॉम., गृहकार्यदक्ष' लिहिलं की आपलं काम झालं.

'आपली परंपरा' म्हणणाऱ्यांनी मगनबाईंना आठवावं. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांची ही मुलगी तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. पुढे तिनेच मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. तेव्हा लोक काही बोलले नसतील का?

आणि पुरुषांवर सगळं ढकलू नका. त्या मुलीला पहिलं 'नको' कोण म्हणालं, मला माहीत आहे. तिची आई. दुसरं तिची आजी, माझी मैत्रीण. हे वाचून ती रागावेल, रागावू दे.

माझी नात आठवीत आहे. यंदा चोपडा ती उघडणार, असं मी जाहीर केलंय. सून हळूच म्हणाली, "मम्मी, पप्पांना विचारलंत का?"

नाही विचारलं.